चाकरमान्याची ट्रंक : नवी किती करायची, जुनी किती ठेवायची

रत्नागिरीच्या जुन्या घरांत माळ्यावर, माजघराच्या कोपऱ्यात किंवा पडवीतल्या बाकाखाली प्रवासाच्या पेट्या आढळतात त्या ढोबळमानाने दोन जातींच्या. एक लाकडी : सागवानी किंवा फणसाच्या फळ्यांची, कोपऱ्यांना पितळी वा लोखंडी पट्ट्या मारलेली, पुढे कडी-कोयंडा. दुसरी पत्र्याची ट्रंक : लोखंडी पत्रा दुमडून, काठात तार वळवून ताठ केलेली, रिबिटांनी जोडलेली आणि वरून काळ्या, हिरव्या किंवा तपकिरी तेलरंगात रंगवलेली. लाकडी पेटी लग्नात आली की बहुधा घरातच मुक्कामाला राहिली. मुंबईच्या खेपा केल्या त्या पत्र्याच्या ट्रंकेने, कारण ती हलकी होती आणि वाळवीला दाद देत नव्हती.

झाकण पाहिले तरी पेटीचा प्रवास कळतो. घुमटी झाकणावरून पावसाचे पाणी ओघळून जाते, पण त्यावर दुसरी पेटी ठेवता येत नाही. पॅरिसच्या लुई व्हिताँ यांनी 1858 मध्ये सपाट झाकणाची ट्रंक काढली, ती आगगाडीत आणि आगबोटीत पेट्या एकावर एक रचता याव्यात म्हणून. कोकणातल्या ट्रंका जवळजवळ सगळ्या सपाट झाकणाच्या आहेत, आणि त्याचे कारण तेच आहे.

कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली 26 जानेवारी 1998 रोजी. त्याच्या कितीतरी आधीच्या काळात रत्नागिरीहून मुंबई गाठायची तर बहुधा आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूरला रेल्वे पकडायची. आगबोट रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागत नसे. माणसे आणि सामान आधी पडावात चढायचे आणि खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीपाशी जायचे. हेलकावणाऱ्या पडावातून वर चढवताना ट्रंक बोटीच्या अंगावर आपटे. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असे. त्या काळातल्या ट्रंकेचे कोपरे चेपलेले असतात ते उगीच नव्हे.

अशी ट्रंक पुन्हा घरात वापरायची म्हटली की दोन मते समोर येतात. वस्तू उपयोगासाठी आहे, तेव्हा ती धडधाकट आणि देखणी करून घ्यावी, हे एक. वस्तूवर काळाने ज्या खुणा केल्या त्याच तिची किंमत, तेव्हा कमीत कमी हात लावावा, हे दुसरे. इथे ही मते एक आत्या आणि तिचा भाचा यांच्या तोंडी दिली आहेत. आत्या रत्नागिरीतले चिऱ्याचे घर सांभाळणारी, भाचा पुण्यात जुन्या वास्तूंच्या जतनाचे शिक्षण घेतलेला. समोरची ट्रंक पत्र्याची, काळी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव-पत्ता लिहिलेली.

आत्या : ओटीवर बसायला होईल आणि आत पाहुण्यांची पांघरुणं राहतील. गंज खरवडायचा, पोचे ठोकून सरळ करायचे, वर चांगला ऑइलपेंट मारायचा. त्यात एवढा विचार कसला करतोस?

भाचा : आत्या, मग बाजारातून नवीच आण ना. ही कशाला हवी?

आत्या : नवीचा पत्रा बघितलायस? अंगठ्याने दाबला तर आत जातो. हिच्यावर दोन माणसं बसली तरी हूं की चूं करणार नाही. जुनं मजबूत आहे म्हणून हवं, जुनं दिसतं म्हणून नाही.

भाचा : आणि झाकणावरचं नाव?

आत्या : नाव काय, आजोबांचं आहे. आम्हाला पाठ आहे ते. भिंतीवर फोटो आहे त्यांचा.

भाचा : नावाखाली काय लिहिलंय ते वाच. ‘ता. मालवण, जि. रत्नागिरी’. मालवण रत्नागिरी जिल्ह्यात कधी होतं?

भाच्याचा प्रश्न नेमका आहे. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. त्यामुळे मालवण, कुडाळ किंवा वेंगुर्ल्याचा पत्ता रत्नागिरी जिल्ह्यात घालणारी अक्षरे त्याआधीची, किंवा फार तर सवयीने थोडी मागाहून काढलेली. पत्त्यात पिन कोड असेल तर अक्षरे 15 ऑगस्ट 1972 नंतरची, कारण ही पद्धत त्या दिवशी सुरू झाली. रेल्वेच्या चिकटपट्ट्याही असेच बोलतात. ‘जी. आय. पी.’ किंवा ‘एम. अँड एस. एम.’ अशी आद्याक्षरे असलेली पट्टी 1951 च्या पुढची असू शकत नाही. त्या वर्षी या कंपन्या अनुक्रमे मध्य आणि दक्षिण रेल्वेत विलीन झाल्या. त्यांतली दुसरी कंपनी त्या नावाने 1908 पासूनच होती, म्हणजे तिच्या पट्टीला खालची मर्यादाही मिळते. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात अमेरिकेत निघाले. ते जुन्या लाकडी पेटीत दिसले तर निदान तेवढी दुरुस्ती नंतरची. झाकणाच्या आत खळीने चिकटवलेला ‘केसरी’ किंवा ‘नवाकाळ’ सापडला, तर त्यावर छापील तारीखच असते. फक्त ती अस्तराची तारीख आहे, पेटीची नव्हे, एवढे भान हवे.

एका झाकणावर इतकी माहिती असते आणि ती पुसायला रंगाऱ्याला अर्धा तास पुरतो. आत्याला हे पटते, पण अर्धेच.

आत्या : बरं, नाव ठेव. पण पोचे? तो डावा कोपरा बघ, चेपून आत गेलाय.

भाचा : तो पडावातून बोटीवर चढवताना बसलेला मार असणार. आणि आतून हातोडी मारलीस तर बाहेरचा रंग तडकेल. अक्षरं त्याच बाजूला आहेत.

आत्या : झाकण नीट बसत नाही त्याचं काय? फट राहते. त्यातून झुरळं जातात, पाली जातात. तुझा इतिहास माझ्या रजयांवर अंडी घालणार.

या ठिकाणी दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे, आणि निवाडा सोपा आहे. झाकण मिटण्याच्या आड येणारा पोचा काढावा, बाकीचे राहू द्यावेत. काढतानाही नुसती हातोडी चालवू नये. बाहेरून पोत्यात भरलेल्या वाळूचा आधार द्यावा, आतून लाकडी ठोकळा धरावा आणि हलक्या हाताने कडेकडून मध्याकडे यावे. पत्रा एकदा ताणला की पूर्वीच्या सपाटीला येत नाही, त्यामुळे थोडी वळी उरली तर तिथेच थांबणे शहाणपणाचे.

खरा प्रश्न गंजाचा आहे. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वरच राहते, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. हे मीठ गंजाच्या थरात शिरून बसते, हवेतले पाणी ओढून घेते आणि रंगाखालून लोखंड खात राहते. वरून कोरडा दिसणारा गंज खाली ओलाच असतो. त्यावर थेट ऑइलपेंट मारला की पुढच्या श्रावणात फोड येतात, हा किनाऱ्यावरच्या प्रत्येक लोखंडी खिडकीचा अनुभव आहे.

आत्या : म्हणूनच म्हणते, तारेचा ब्रश घेऊन पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचं.

भाचा : मग घासताना पत्राच जाईल. सुटा गंज तेवढा काढायचा. घट्ट बसलेल्याला टॅनिन द्यायचं. टॅनिनशी संयोग झाला की गंज काळा आणि स्थिर होतो. ट्रंक काळीच आहे, दिसणारही नाही.

आत्या : टॅनिन म्हणजे हिरड्यातलं? मग हिरडे उकळते की.

हिरड्यात टॅनिन भरपूर असते, ही आत्याची माहिती बरोबर आहे. सह्याद्रीतला हिरडा कातडी कमावण्यासाठी त्याकरिताच गोळा होत आला. पण घरच्या काढ्यात त्याचे प्रमाण किती उतरले हे कळत नाही, आणि कमी पडले तर पाण्याने नवाच गंज धरतो. त्यापेक्षा रंगाच्या दुकानात मिळणारे, टॅनिक आम्ल असलेले तयार गंजरूपांतरक द्रावण घ्यावे. क्रम असा : सुटा गंज आणि पापुद्रे काढायचे, स्वच्छ गोड्या पाण्याने एक-दोनदा पुसून मीठ घालवायचे, लगेच उन्हात खडखडीत वाळवायचे, मग द्रावणाचा पातळ हात. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करावे. जूननंतर हाती घेतले तर ओल आत कोंडली जाते आणि श्रम पाण्यात जातात. घाई असलेल्या माणसाला हा सल्ला रुचत नाही, पण कोकणात लोखंडाच्या कामाचे वेळापत्रक पाऊसच ठरवतो.

जुना रंग खरवडण्याबाबत मात्र भाच्याने जराही सैल भूमिका घेऊन चालणार नाही. लोखंडावरचा जुना अस्तररंग पुष्कळदा शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा असे, आणि वरच्या रंगांतही शिसे असे. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात दशलक्ष भागांत 90 भाग ही मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये आले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्यापूर्वीचा कोणताही रंग शिसेयुक्त समजूनच हाताळावा. कोरडा पॉलिश पेपर मारून उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. घासायचेच तर ओला पेपर वापरावा, अंगणात बसावे, नाकातोंडावर चांगला मास्क असावा आणि खालचा कागद चिखलासकट गुंडाळून टाकावा. कमी हात लावण्याच्या बाजूने भाचा सौंदर्याची आणि इतिहासाची कारणे देतो. त्याच्या बाजूचे सगळ्यात भक्कम कारण हे आहे.

झाकणावरची अक्षरे साफ करायला कापसाचा बोळा आणि पाणी पुरते. आधी कोपऱ्यात करून पाहावे. बोळ्यावर पांढरा रंग उतरू लागला की थांबावे. (चित्रांचे जतन करणारे तज्ज्ञ या कामी चक्क लाळ वापरतात, तिच्यातली विकरे मळ सोडवतात. आत्याने हे ऐकून केलेला चेहरा लेखात देता येत नाही.) साफ झाल्यावर सगळ्या बाहेरच्या अंगाला मेणाचा पातळ हात द्यावा. संग्रहालये त्यासाठी सूक्ष्मस्फटिकी मेण वापरतात. ते टर्पेंटाइनने पुन्हा काढता येते, आणि तोच त्याचा गुण. किनाऱ्यावर मेणाचा हात दरवर्षी पावसाआधी पुन्हा द्यावा लागतो.

लाकडी पेटीचा विषय निघाला तेव्हा वाद रंगला तो चिकटवण्यावरून.

भाचा : लाकूड सांधायला सरस. ऊब आणि ओलावा दिला की सुटतो. पुढे कुणाला आपली दुरुस्ती काढून टाकावीशी वाटली तर पेटीला इजा न होता काढता येते.

आत्या : आणि कुणाला वाटलं नाही तरी सुटतो! सरसाचा सांधा पावसाळ्यात फुगतो, वास मारतो, बुरशी धरतो. आमच्या देव्हाऱ्याची पट्टी किती वेळा निघाली विचार सुताराला. शेवटी त्यानं फेव्हिकॉल लावला.

भाचा : फेव्हिकॉल काढता येत नाही.

आत्या : काढायचा कशाला?

दुरुस्ती परत काढता यावी, हे जतनशास्त्राचे तत्त्व विसाव्या शतकातल्या युरोपीय संग्रहालयांत पक्के झाले. तिथे 50 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखता येते. चिऱ्याच्या, कौलारू, वारा खेळणाऱ्या घरात ती वातानुकूलनाशिवाय राखणे अशक्य. ‘इंटॅक’ या संस्थेने 2004 मध्ये भारतासाठी जी सनद काढली, तिनेही वापरात असलेल्या वारशाला आणि कारागिरांच्या चालत आलेल्या ज्ञानाला वेगळे स्थान दिले. देव्हाऱ्याची पट्टी बसवणाऱ्या सुताराचा अनुभव त्या ज्ञानात मोडतो. म्हणून इथे आत्याच्या बाजूने कौल द्यावा लागतो, एका अटीवर. पेटीच्या तळाची फळी, बिजागरीखालचा आधार, म्हणजे ज्यांच्यावर वजन येते असे सांधे आजच्या चिकटद्रव्याने आणि पितळी स्क्रूने पक्के करावेत. नक्षीची पट्टी, वरचा पातळ थर, जुना कागद यांना मात्र सरस किंवा खळच वापरावी. सुटली तर सुटू द्यावी, पुन्हा लावता येते.

लाकडाच्या बाकीच्या उपचारांत फारसे मतभेद नाहीत. छिद्रांतून ताजा, फिकट भुसा पडत असेल तर किडा जिवंत आहे. त्या छिद्रांत सुईने कीटकनाशक सोडावे आणि पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी. भुसा नसेल तर छिद्रे मेणाने बुजवली तरी पुरे. चपडा पॉलिश दिसायला सुंदर, स्पिरिटने सहज निघणारे, पण दमट हवेत पांढरे पडते, तेव्हा त्यावर मेण हवेच. अळशीचे तेल लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या की आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. होड्यांच्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावायची किनाऱ्यावर जुनी रीत आहे आणि वाळवीवर ते जालीम आहे. कपड्यांच्या पेटीला मात्र ते लावू नये. त्याने डाग पडतात आणि कातडीवर फोड येतात.

आतली बाजू हा भाग भाच्याने आत्यावर सोडला, आणि ते योग्यच. जुने कागदी अस्तर नसेल तर ट्रंकेच्या आत आणि तळाखाली लिहिलेले सहसा काही नसते. तिथे गंजरूपांतरकावर प्रायमर आणि दोन हात रंग मारायला हरकत नाही. रंग पुरता वाळून वास जाईपर्यंत आत काही ठेवू नये. आत्याला अस्तर मखमलीचे हवे होते, रेक्झिनही चालले असते. दोन्ही टाळावे. रेक्झिन दमट हवेत चिकट होते आणि कापडाला धरते. मखमल चिकटवावी लागते, आणि तिच्याखाली ओल धरते. धुऊन खळ काढलेल्या खादीची किंवा जाड सुती कापडाची, ट्रंकेच्या मापाची सुटी खोळ शिवावी. ती बाहेर काढून धुता येते. खळ काढायची ती कसर खळीवरच येते म्हणून. वर्तमानपत्राचे जुने अस्तर असेल तर ते न काढता त्यावर पातळ पांढरे सुती कापड घालावे. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, रेशमाला थेट लागू देऊ नये.

आत्या : आणि डांबरगोळ्या?

भाचा : नकोत. बाळं येतात घरात. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक विकर कमी असतं, त्यांना नॅफ्थलीनच्या वाफेनं कावीळ होऊ शकते.

आत्या : मग वेखंड आणि कडुनिंबाचा पाला. आमची आई तेच घालायची.

वेखंड आणि कडुनिंब किड्यांना दूर ठेवतात, मारत नाहीत. बुरशीवर दोन्हींचा उपयोग नाही. बुरशीला एकच उपाय, ट्रंक उघडत राहणे. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी झाकण वर करून ठेवावे आणि ऑक्टोबरात सगळ्या सामानाला ऊन दाखवावे. या मुद्द्यावर आत्याची मूळ भूमिका भाच्याच्या भूमिकेपेक्षा जास्त शास्त्रीय ठरते. संग्रहातली न उघडलेली ट्रंक रत्नागिरीत कुजते. जिच्यातून आठवड्याला चादर काढली जाते ती टिकते. वापर हेच इथे जतनाचे साधन आहे.

ट्रंक कुठे ठेवायची हेही महत्त्वाचे. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर थेट ठेवू नये. लाकडी ठोकळ्यांवर चार बोटे उंच आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवली की खालून ओल चढत नाही, आणि लाकडी पेटीकडे निघालेली वाळवी वेळेत दिसते. बैठकीसाठी वापरताना झाकणावर सुटी गादी असावी, खिळे मारलेली नको. तिने अक्षरे झाकली जातात याची भाच्याला खंत आहे. पण घासून जाण्यापेक्षा झाकली गेलेली बरी.

एका गोष्टीत भाच्याने सगळी तत्त्वे बाजूला ठेवली, ती म्हणजे कुलूप. लपाछपीत ट्रंकेत शिरलेली मुले झाकण पडून आपोआप लागलेल्या कुलपामुळे गुदमरून गेल्याच्या घटना भारतातही घडल्या आहेत. घरात वापरायच्या ट्रंकेला आपोआप अडकणारे कुलूप असेल तर त्याची जीभ काढावी आणि कापडात बांधून आतच ठेवावी. कोयंड्यात एक लाकडी खुंटी घालून ठेवली की तो आपोआप मिटत नाही. झाकणाला टेकू किंवा साखळी बसवावी, म्हणजे ते बोटांवर पडणार नाही. त्यासाठी जुन्या पत्र्याला भोक पाडावे लागले तरी पाडावे.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, आणि तो परदेशी नातेवाईक असलेल्या घरांसाठी. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, 1972 नुसार ऐतिहासिक महत्त्वाची किंवा गतकाळातली कारागिरी दाखवणारी, निदान शंभर वर्षे जुनी वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. साधी पत्र्याची ट्रंक सहसा या कक्षेत येणार नाही, पण नक्षीदार लाकडी पेटी येऊ शकते. ती अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या घरी धाडायचा बेत असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र मिळवावे. आणि ट्रंक कुठेही जाणार असो, रंगाऱ्याला किंवा सुताराला हात लावू देण्याआधी झाकण, तळ, कुलूप आणि आतला कागद यांचे फोटो काढून ठेवावेत.